मार्थामावशींचा अ‍ॅम्प्लिफायर

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन खालच्या दोघींपेक्षा जाड असते आणि थोडी लांबही. प्लग आत जाताना ती सर्वांत आधी टेकावी आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून. माझ्या हातातल्या प्लगची वरची पिन नवी होती, पितळ चकचकीत होतं, स्क्रू घट्ट होता. पण प्लग उघडला तेव्हा त्या पिनेला काहीच जोडलेलं नव्हतं. हिरवी तार केबलच्या तोंडाशी कापलेली होती आणि कापलेल्या टोकावर काळ्या टेपचे तीन वेढे होते. नीट, एकावर एक.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मीच. इथं दुसरं कोण येतं?" सिलास स्टुलावर बसून कुणाच्या तरी मोबाइलची काच चिकटवत होता. मान वर न करता म्हणाला, "हमिंग येत होतं, स्पीकरमधून सतत गुणगुण. अर्थिंग काढली, गेलं. ऐकवू?"

"अर्थिंग हमिंगसाठी नसते."

"मग कशासाठी असते, मॅडम?"

"तू आय.टी.आय. केलंयस. तुला माहीत आहे."

"केलंय म्हणूनच सांगतो. श्रीरामपुरातल्या निम्म्या घरांत वरच्या भोकामागं तारच नाही. किती माणसं मेली?" आता त्यानं मान वर केली आणि हसला. सिलास हसला की समोरच्यालाही हसावं लागायचं. मीही हसले असेन. पण त्याच्या खोक्यातून पक्कड घेतली, तारेचं टोक सोललं आणि पिनेला परत जोडलं.

याला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी एका कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायचे आणि आठवड्याला सहा तास शिकवायचे. सिलासचं एस.टी. स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं पाच आठवडे एक पेटी बनवत होतो.

पेटी मार्थामावशींसाठी होती. मार्थामावशी चौतीस वर्षं नर्स होत्या आणि आमच्या मंदिरातल्या, म्हणजे चर्चमधल्या, क्वायरमध्ये त्याहून जास्त वर्षं. नर्सिंगच्या होस्टेलात असताना त्या गिटार शिकल्या होत्या, आणि पासष्टाव्या वर्षी त्यांच्या भाच्यानं दुबईहून त्यांना लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार आणून दिली. नुसती वाजवली तर ती डासाएवढा आवाज करायची. मंदिराच्या लाउडस्पीकरला जोडली तर डबा बडवल्यासारखी वाजायची. विकतचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर क्वायरला परवडणारा नव्हता. तेव्हा सिलास म्हणाला, "मी बनवतो. बुधवार पेठेत तयार बोर्ड मिळतात, वडापावच्या भावात. सुवार्ता मॅडम जोडणी बघतील."

त्याप्रमाणे त्यानं पुण्याहून दोन बोर्ड आणले. एक आवाज मोठा करणारा, दुसरा खर्ज आणि तीव्र वेगळे करणारा. दोन्ही माझ्या तळहातावर मावत होते. मी कागदावर जोडणी काढली, सोल्डरिंगचे डाग दिले, तो मंदिराच्या मोडक्या बाकाच्या फळ्या कापून स्पीकरची पेटी करत होता. बोर्ड आणि बाकी सगळं बसवायला त्यानं एका जुन्या स्टॅबिलायझरचा पत्र्याचा डबा घेतला. आतला ट्रान्सफॉर्मरही तोच ठेवला. नवा आण, असं मी दोनदा म्हणाले. "चालतोय की," तो म्हणाला, आणि खरंच चालत होता.

ही पेटी इस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, पहिल्यांदा वाजायची होती. त्याच रविवारसाठी माझं उत्तरही हवं होतं.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार भर उपासनेत मुलामुलीची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर सांगावी, म्हणून. त्याला पुकार म्हणतात. नाताळात सिलासच्या आईनं माझ्या आईला विचारलं होतं. स्थळ मार्थामावशींनीच सुचवलेलं. इस्टरनंतर लग्न करायचं तर पहिली पुकार झावळ्यांच्या रविवारी व्हायला हवी, आणि पाळकसाहेब उपासनेचा कागद शनिवारी संध्याकाळी पुरा करायचे. मी तीन महिने 'सांगते' म्हणत होते.

आई म्हणायची, "हसरा आहे, कामाचा आहे, पीत नाही. आणखी काय हवंय तुला?"

हो म्हणायला तोंड उघडलं की आतून काहीतरी 'थांब' म्हणायचं, आणि नाही म्हणायला एकही कारण पुढं करता येत नव्हतं. कारणाशिवाय निष्कर्ष काढायची मला सवय नव्हती.

मार्थामावशी मात्र सोडायच्या नाहीत. "एम.एस्सी. झालीस तू, पोरी," त्या सगळ्या क्वायरदेखत म्हणायच्या, "आणि 'हो' एवढं एक अक्षर लिहायला तुला अजून पुरवणी लागते?"

सगळे हसायचे. सिलास सर्वांत जास्त.

हिरवी तार जोडली तो सोमवार होता. बुधवारी दुपारी मी पुन्हा दुकानात गेले, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. अर्थिंग जोडल्यावर हमिंग येतं त्याची कारणं बरीच असतात, बहुतेक निरुपद्रवी. पण एक कारण तसं नव्हतं. मी पिशवीत झिरोचा बल्ब, होल्डर आणि तार घेऊन गेले होते.

"हे काय, नाइट लॅम्प?" सिलास म्हणाला. "आत्तापासून घर सजवायला लागलीस?"

"डबा आणि नळ यांच्यामध्ये हा जोडते. तू पेटी चालू कर आणि गाणी लावून ठेव."

"आणि?"

"आणि बघू."

प्लगमधली हिरवी तार तेवढ्यापुरती सोडवली. बल्बचं एक टोक डब्याच्या स्क्रूला बांधलं, दुसरं मोरीतल्या लोखंडी नळाला. बल्ब पेटला नाही. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून चार मिनिटं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. बल्ब काळाच होता. सिलासनं समोरच्या टपरीतून चहा मागवला. मोबाइलवरची गाणी पेटीतून छान वाजत होती, खरंच छान.

"मॅडम, बल्ब गेलेला तर आणला नाहीत ना?"

"घरी तपासून आणलाय."

"तुला ना, प्रत्येक गोष्टीत भूत दिसतं. मला पण असंच बल्ब लावून बघतेस काय गं? तीन महिने झाले."

डब्याच्या पत्र्यावर, ट्रान्सफॉर्मर होता त्या बाजूला, बोटाचा मागचा भाग टेकवून पाहिला नाही, फक्त जवळ नेला. उष्णता जाणवत होती. एप्रिलची दुपार, पत्र्याचं छत, पंखा फक्त दुकानात.

दोन तेवीसला बल्बच्या आत एक लाल धागा दिसला. आधी वाटलं बाहेरच्या रिक्षाचं प्रतिबिंब असेल. मी हातानं उजेड अडवला. धागा तसाच होता. विझत नव्हता, वाढत होता, फार सावकाश.

सिलास चहाचा कप घेऊन आला आणि तिथंच उभा राहिला. त्यानंही पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गरम झाल्यावर येतंय," तो म्हणाला. आवाज वेगळा होता.

"हो. आतल्या तारेवरचं आवरण जुनं झालंय. थंड असताना धरतं, तापलं की सोडतं. डब्याला करंट येतोय, डब्यातून गिटारच्या केबलला, केबलमधून तारांना."

"आणि हिरवी तार जोडलेली असली तर?"

"तर हे सगळं तिच्यातून जमिनीत जाईल. नसली तर तारांना हात लावून जो उभा असेल त्याच्यातून."

"एवढासा तर उजेड आहे. उदबत्तीएवढा."

"बल्बला हे कमी आहे," मी म्हणाले. "माणसाला पुरतं."

त्यानं बटण बंद केलं. लाल धागा काळा झाला. सिलासनं कपाळ पुसलं आणि मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाला, "बरं झालं बघितलंस. शुक्रवारी पुण्याला जातोच आहे स्पेअर आणायला. नवा ट्रान्सफॉर्मर आणतो, त्याच दिवशी बसवतो. तोवर पेटीला कुणी हात लावणार नाही. झालं?"

"आणि हिरवी तार?"

"ती तू जोडलीस ना? तुझ्या हातची तार मी कापीन?"

मी ती परत जोडली, प्लग बंद केला, बल्ब पिशवीत टाकला. पेटी सोबत घरी न्यावी असं एकदा मनात आलं. पण तो इतकं सरळ बोलला होता की तसं करणं अपमान वाटला असता. घरी येताना मी मनाशी म्हणत होते, चूक दाखवली की मान्य करतो, हा मोठा गुण आहे. आईला त्या रात्री म्हणाले, "शनिवारी सांगते पाळकसाहेबांना." आईनं ते 'हो'च धरलं. मीही जवळजवळ धरलं होतं.

शनिवारी कॉलेजात पेपर होता. सुटून मंदिरात पोचायला सव्वाचार झाले. पायऱ्यांवर क्वायरच्या चपला ओळीनं होत्या. आमच्याकडे मंदिरात कुणी पायताण घालून जात नाही. मी माझ्या सँडल काढल्या. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला तर फरशी गार लागली. झावळ्यांच्या रविवारसाठी बायकांनी दुपारी सगळं मंदिर धुऊन काढलं होतं. फरशीच्या सांध्यांत अजून पाणी होतं आणि वेदीच्या पुढं, जिथं क्वायर उभा राहतो तिथं उतार असल्यानं पाण्याचा पातळ थर चमकत होता.

मार्थामावशी मधोमध उभ्या होत्या. पांढरी साडी गुडघ्याखालपर्यंत वर खोचलेली, पाय ओले, गळ्यात लाल गिटार. समोर स्टँडवर मंदिराचा माइक. बाकी आठ जण दोन्ही बाजूंना. सिलास पेटीपाशी वाकून बटणं फिरवत होता.

"सिलास, चपला!" कुणीतरी म्हणालं.

मावशींनीही पाहिलं. "अरे मेल्या, वेदीपुढं चपला? तुझी आई बघेल तर त्याच चपलेनं हाणेल."

"टाच फुटलीय हो मावशी. रक्त येतंय. प्रभू समजून घेईल."

"प्रभू घेईल, फरशी पुसणारी रूथबाई नाही घेणार."

सगळे हसले. जाड तळव्याच्या निळ्या रबरी चपला होत्या. तो हसत परत बटणांकडे वळला.

मावशींनी एक सूर छेडला आणि मी बाकाशी थांबले. आवाज स्वच्छ, भरलेला होता. उंच छपराखाली तो बराच वेळ टिकला आणि मग पूर्ण शांतता झाली. हमिंग अजिबात नव्हतं. मला आधी आनंदच झाला हे मी कबूल करते. वाटलं, नवा ट्रान्सफॉर्मर आणला, बसवला, आणि चांगला बसवला.

"किती वेळ झाला सुरू करून?" मी शेवटच्या ओळीतल्या मुलीला विचारलं.

"चारला केलं. तिसरं गाणं चाललंय."

पंधरा मिनिटं.

मावशींनी पुन्हा तारा छेडल्या आणि थांबल्या. उजवा हात झटकला.

"काय गं बाई," त्या म्हणाल्या, "बोटांना मुंग्या येतायत. गाण्यापेक्षा आता मलमच लावत बसावं."

"नव्या तारा आहेत मावशी, टोचणारच," सिलास म्हणाला. "सवय होईल. घ्या, आता माइकवर म्हणा, मला दोन्ही आवाज एकत्र ऐकायचेत."

"मघापासून येतायत. मगाशी कमी होत्या."

"वय झालं तुमचं, दुसरं काय."

"वय तुझ्या बापाचं झालं," मावशी म्हणाल्या आणि हसत माइककडे झुकल्या.

हमिंग नव्हतं आणि मुंग्या येत होत्या, म्हणजे हिरवी तार पुन्हा कापलेली होती. मंदिराचा माइक नीट अर्थ केलेला होता, त्याला ओठ लागताच तारांतला करंट अंगातून त्याच्याकडे गेला असता. दोन वर्षांपूर्वी मीच तपासला होता. मावशींचा डावा हात तारांवर होता. ओठ आणि माइकची जाळी यांच्यात चार बोटं अंतर राहिलं होतं. मी सिलासकडे पाहिलं. तो मावशींच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. त्यांच्या बोटांकडे बघत होता, आणि त्याचा स्वतःचा हात पेटीपासून दूर, पाठीमागं धरलेला होता.

भिंतीवरचा स्विचबोर्ड माझ्यापासून सहा पावलांवर होता. मी ओरडले नाही, कारण ओरडले असते तर त्या दचकून पुढं झुकल्या असत्या. मी चालत गेले आणि प्लग उपटला.

आवाज मेला. माइक चालू होता, त्यातून मावशींचा श्वास ऐकू आला.

"काय झालं गं?"

"मावशी, गिटार गळ्यातून काढा. बाकावर ठेवा."

"लाइट गेली का?" मागून कुणीतरी विचारलं.

"लाइट नाही, मॅडमचा पेपर सुरू झाला," सिलास म्हणाला. दोघंतिघं हसले.

"ट्रान्सफॉर्मर बदललास?" मी विचारलं.

"बदलला."

"काल पुण्याला गेला होतास?"

"काल गिऱ्हाईक होतं. पण इथंच मिळाला एक. बदलला म्हणतो ना."

"मग चपला काढ."

"काय?"

"चपला काढ. मावशी उभ्या आहेत तिथं उभा राहा. गिटार घे, एक हात तारांवर ठेव आणि एक माइकवर. मी प्लग लावते. एक मिनिट फक्त."

तो हसला. नेहमीसारखाच. मग सगळ्यांकडे बघून हसला, पण या वेळी कुणी हसलं नाही. कुणाला काही कळलं होतं असं नाही. माझा आवाज असा कुणी ऐकला नव्हता.

"टाच दुखतेय, सांगितलं ना," तो म्हणाला.

मार्थामावशींनी गिटार बाकावर ठेवली. बोटं एकमेकांवर चोळली. मग त्यांनी सिलासच्या पायांकडे पाहिलं, नंतर स्वतःच्या. त्यांच्या पायांभोवती पाणी होतं.

"सिलास," त्या म्हणाल्या. मी त्यांना नर्स म्हणून काम करताना पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी तो आवाज ऐकला. "टाच दाखव."

"मावशी, तुम्ही पण काय..."

"चौतीस वर्षं टाचा बघितल्यात मी. रक्त येतंय ना? दाखव."

तो हलला नाही. त्यानं एकदा उजवा पाय थोडा उचलल्यासारखा केला आणि परत ठेवला.

"उद्यापुरतं चाललं असतं," तो शेवटी म्हणाला. मावशींना नाही, मला. "उद्या दोनच गाणी आहेत. गरम व्हायच्या आत संपली असती. सोमवारी बदलणारच होतो, शपथ."

"आज तिसरं गाणं चालू होतं," मी म्हणाले.

"मी लक्ष ठेवून होतो."

"हो. ते मी पाहिलं."

मावशी बाकावर बसल्या. कुणीतरी त्यांना पाणी आणायला गेलं. त्यांनी तळवे उलटे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

तेवढ्यात बाजूच्या खोलीचं दार उघडलं आणि पाळकसाहेब बाहेर आले. चष्मा कपाळावर, एका हातात उद्याच्या उपासनेचा कागद, दुसऱ्या हातात टोपण काढलेलं पेन.

"सलाम, सलाम. गाणं का थांबलं? आत बसून ऐकत होतो, फार गोड चाललं होतं." मला पाहून ते थांबले. "सुवार्ता, आलीस? बरं झालं. तुझ्यासाठीच एक ओळ मोकळी ठेवलीय. तुझी आई सकाळी म्हणाली, तू आज सांगणार आहेस. मग लिहू ना पहिली पुकार?"

क्वायरमधले सगळे माझ्याकडे वळले. सिलास दोन पावलं पुढं आला. चपला ओल्या फरशीवर चिकटून सुटल्याचा आवाज झाला. तो हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाला, "सुवा, पेटीचा विषय वेगळा, हा विषय वेगळा. दोन्ही एकत्र करू नकोस."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनीच हे स्थळ आणलं होतं. त्यांनी मान वर केली नाही, हातही मांडीवरून उचलले नाहीत.

पाळकसाहेब पेन कागदावर टेकवून थांबले होते.

"सलाम, पाळकसाहेब," मी म्हणाले. "ती ओळ काढून टाका. मी सिलासशी लग्न करणार नाही."